डब्यात उरलेला एक प्रश्न

तुमच्या गावात बाहेरून कामाला आलेलं माणूस मेलं, तर त्याला कुठं जाळतात? उत्तर लगेच देऊ नका. 'आमच्याकडं असलं काही नाही' हे वाक्य तर नकोच, ते गेल्या दीड महिन्यात मी पुरेसं ऐकलंय. जागा सांगा. स्मशानभूमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी जाळीवर, की खाली नदीच्या वाळूत? असं माणूस शेवटचं कधी गेलं, त्याचं नाव काय होतं, लाकडं कुणी दिली? आठवत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याचा गेनूतात्या फार मान ठेवायचे.

तात्या गेले त्या सकाळी मी पुण्यात कुणाच्या तरी पुस्तकाची मुद्रितं तपासत बसले होते. फोन अनुसाकाकींचा, तात्यांच्या बायकोचा. आवाजात रडणं नव्हतं. "पोरी, तात्या गेलं तुझं. दूध घालून आलं, खाटेवर टेकलं, म्हणलं पाणी दे... पाणी घेऊन येस्तोवर गेलं." मग त्या म्हणाल्या, "ती चिठ्ठी हाय ना तुझ्यापाशी? घिऊन ये." मी चिठ्ठी घेऊन निघाले. एसटीत मंचर येईपर्यंत ती पर्समध्ये आहे ना हे तीनदा चाचपून पाहिलं. चिठ्ठी वेळेवर पोचली. तिचं काय झालं ते पुढं येईल, आणि त्यात माझाही वाटा आहे.

तात्या पुढारी नव्हते, मास्तर नव्हते, कीर्तनकारही नव्हते. आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठावर एक गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर बाकीची गावं सुटकेचा श्वास सोडतील. त्या गावात तात्या दूध गोळा करायचे. आज्या-पणज्यांनी मेंढरं राखलेली, वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन केलेली, आणि तात्यांकडं चार शेळ्या, एक म्हातारी मोटारसायकल. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून ते पहाटे निघत, वस्त्या-वस्त्यांवरून फिरत, आणि दुधाबरोबर आणखी एक गोष्ट गोळा करत. प्रश्न. 'काय म्हणतीस, काय अडलंय, काय खुपतंय?' असं विचारत आणि जे ऐकू येईल ते त्याच माणसाच्या शब्दांत कागदावर उतरवत. कागद म्हणजे आमच्या मंचरच्या छापखान्यातली वाया गेलेली पत्रकं, त्यांची कोरी बाजू. ती चिठ्ठी गोडेतेलाच्या एका रिकाम्या डब्यात जायची. डब्याला वरून फट पाडलेली होती.

हे प्रश्न कशासाठी, तर हिवाळ्यातल्या त्या तीन दिवसांसाठी. दर वर्षी गावच्या देवळाच्या सभामंडपात तात्या तीन व्याख्यानं ठेवत. माणसाचे हक्क, धर्म, न्याय असे विषय. वेळ दिवस मावळायच्या आतली, कारण बायांना घरी जाऊन चुली पेटवायच्या असत. शिनोलीपासून बोरी बुद्रुकपर्यंतची माणसं यायची, कुणी जीपमध्ये दाटीवाटीनं, कुणी दुचाकीवर तिघं. आपल्याकडं व्याख्यान म्हणजे काय असतं ते तुम्ही पाहिलंय. आधी दीपप्रज्वलन, मग अर्धा तास सत्कार, मग वक्ता घड्याळ विसरून बोलणार, आणि शेवटी लोक उठायला लागले की सूत्रसंचालक म्हणणार, वेळेअभावी प्रश्न घेता येत नाहीत. तात्यांनी हे उलटं केलं. आधी प्रश्न, मग व्याख्यान. डबा उघडायचा, चिठ्ठ्या एकेक वाचायच्या, आणि वक्त्यानं त्याच प्रश्नांना धरून बोलायचं. घरून लिहून आणलेलं भाषण घरी परत न्यायचं. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ती चिठ्ठी एका तारेला टोचायची, दुकानात बिलं टोचतात तशी. 'उत्तर मिळालं का' हे ठरवणार प्रश्न विचारणारा. वक्त्याला त्यात मत नाही.

मी तात्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मंचरला, वडिलांच्या छापखान्यात. मी तेव्हा कॉलेजला होते. पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. मोर्चाची, निषेधाची, बंदची, हरवले-सापडलेची. मला वाटायचं, जग बदलायचं म्हणजे वाक्य ठळक अक्षरांत छापायचं. तात्या व्याख्यानांचं पत्रक छापायला आले होते, आणि वडिलांनी सवयीनं जुळवलेला मजकूर बघून म्हणाले, "हे 'शुभहस्ते' काढा. 'प्रमुख उपस्थिती' काढा. फोटो एकाचाबी नगं." वडील म्हणाले, तात्या, मग पत्रकात राहिलं काय? तात्या म्हणाले, "येळ राहिली, जागा राहिली. अन् खाली मोठ्या अक्षरांत लिवा, प्रश्न घिऊन यावे." मी मधेच बोलले, की 'यावे' कशाला, 'या' म्हणा, जोर येतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लई बोलतीस. मंग तुझा परश्न काय? टाक डब्यात." इतकी पत्रकं पाठ असलेली मी, आणि माझा स्वतःचा एक प्रश्न मला सापडला नाही... तेव्हापासून मी दर वर्षी जाऊ लागले.

त्या डब्यातून काय काय निघायचं. 'रेशन कार्डावर माझं नाव सुनेच्या खाली का?' 'मेंढरामागं जातो तवा रानातला साहेब काठी हिसकावून घेतो, ते कायद्यात बसतं का?' 'बाईनं गाभाऱ्यात जायचं न्हाई हे देवानं सांगितलं का पुजाऱ्यानं?' एकदा पुण्याहून समतेवर बोलायला एक मोठे वक्ते आले होते. पहिलीच चिठ्ठी निघाली, 'साहेब, तुमच्या घरी भांडी घासायला जी बाई येती, ती च्या कुठल्या कपात पिती?' साहेबांचे कान लाल झाले. मंडपात खसखस पिकली. पण त्यांचं कौतुक हे, की ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, तिचा कप वेगळा आहे, आणि मला आजपर्यंत त्याची लाज वाटली नव्हती. तात्यांनी त्यांना जाताना खरवसाचा डबा बांधून दिला, आणि पुढच्या वर्षी त्यांनाच परत बोलावलं.

तात्या भाविक होते, हेही लिहायला हवं. कारण आता त्यांच्या नावावर दोन्ही बाजूंचे लोक आपापलं दुकान मांडतील. गळ्यात खंडोबाचा टाक होता. व्याख्यान सुरू व्हायच्या आधी ते चिमूटभर भंडारा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवत, मशिदीशेजारच्या शिंप्याच्याही आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या बायांच्याही. ज्याला नको त्यानं घेऊ नये. एका कडक नास्तिक वक्त्यांनी हात मागं घेतला, तेव्हा तात्या हसून म्हणाले, "राहू द्या. हळद हाय, जेवताना भाजीत खालच." पण मी एकदा त्यांना खोदून विचारलं होतं, की देव आणि हक्क हे तुम्ही एका दोरीत कसे ओवता. त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा मेंढरं घेऊन घाटाखाली कोकणात उतरले होते आणि तिथंच तापानं गेले. बरोबर एक पुतण्या, बाकी मेंढरं. ना ओळख, ना पाळख. तिथल्या एका शेतकऱ्यानं स्वतःच्या भाताच्या खाचराशेजारी जागा करून दिली, घरची लाकडं दिली, आणि राख सावडून होईपर्यंत मेंढरंही राखली. "आमी फिरस्तं," तात्या म्हणाले. "आमच्या माणसानं कुठंबी मरावं अन् तिथल्या माणसानं जागा द्यावी. ह्यावर आमची जात टिकली, पोरी. माझा खंडोबा त्यो शेतकरी हाय."

म्हणून कौसाबाईचा प्रश्न त्यांच्या वर्मी लागला. कौसाबाई ऊसतोड मजूर. दर हंगामात नवऱ्याबरोबर मराठवाड्यातून येते. पारगावच्या साखर कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की गावाबाहेरच्या माळावर त्यांच्या टोळीच्या कोपी उभ्या राहतात, उसाचं पाचट आणि बांबू घालून केलेल्या. चार वर्षांपूर्वी ती नातवंडं सांभाळायला म्हणून आपल्या म्हाताऱ्या आईला बरोबर घेऊन आली होती. थंडीच्या कडाक्यात म्हातारीला ताप भरला आणि ती कोपीतच गेली. टोळीतली माणसं गावात विचारायला गेली. आता नीट ऐका. नाही असं कुणीही म्हणालं नाही. एकानं सांगितलं, सरपंचाला विचारा. सरपंच लग्नाला गेले होते. दुसरा म्हणाला, शेड गावकीचं आहे, सगळ्यांना विचारावं लागतं. तिसरा म्हणाला, आज तुम्हाला दिलं तर उद्या दुसरी टोळी मागेल. गावचे एक पुढारी आहेत, सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, मीही इथं भाऊच म्हणते. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "पावणं, वाईट वाटून घिऊ नका. आमी मीटिंग घेतो." मढं घेऊन मीटिंगची वाट कशी बघायची? शेवटी टोळीनं म्हातारीला नदीच्या वाळूत नेलं, ओली बाभूळ आणि पाचट रचून जाळलं. दुसऱ्या दिवशी नदीला वरच्या धरणातून पाणी सुटलं. तिसऱ्या दिवशी कौसाबाई राख सावडायला गेली, तर तिथं राख नव्हती. वाळूही पहिली नव्हती. तात्यांना हे चार दिवसांनी कळलं, आणि ते स्वतः त्या दिवशी बहिणीकडं जुन्नरला गेले होते, हे ते कधी विसरले नाहीत.

त्या वर्षीच्या व्याख्यानाला कौसाबाई आली. कोयता बाजूला ठेवून पहिल्या रांगेत बसली, कारण पहिली रांग तात्या टोळीसाठी राखून ठेवत आणि त्यावरूनही कुरकुर व्हायची. विषय होता माणसाचे हक्क आणि धर्म. वक्ते एक निवृत्त प्राध्यापक. डबा उघडला, चिठ्ठी निघाली, तात्यांनी तिच्याच शब्दांत वाचली. 'माणूस मेल्यावर बी परगावचं राहतं का?' प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी राज्यघटनेबद्दल सांगितलं, सन्मानानं जगण्याच्या हक्कात सन्मानानं जाणंही येतं हे सांगितलं, आणि सगळं खरं होतं. मग तात्यांनी कौसाबाईला विचारलं, मिळालं का उत्तर? तिनं मान हलवली, नाही. तात्या प्राध्यापकांना म्हणाले, "साहेब, तुमी बोलला ते बराबर. पर उत्तर तुमच्यापाशी न्हाईच. ते ह्या बसलेल्या मान्सांपाशी हाय." आणि त्यांनी मंडपाकडं पाहिलं. तीनशे माणसं असतील. मी बायांच्या बाजूला बसले होते. मला अजून आठवतंय, आमच्या डोक्यावरचा पंखा खडखडत होता आणि कुणीतरी पायाचं बोट चोळत होतं... कुणी बोललं नाही. शेवटी भाऊ उठले. "तात्या, ह्यो इषय हितला न्हाई. देवळात मढ्याचं बोलणं बरं न्हाई." लोक सुटल्यासारखे हलले. चिठ्ठी डब्यात परत गेली. तारेला लागली नाही.

पुढच्या वर्षी सभामंडप मिळाला नाही. कारण रंगकाम. त्याच्या पुढच्या वर्षीही रंगकामच. एवढे रंग त्या मंडपाला लागले असते तर तो इंद्रधनुष्य झाला असता. तात्यांनी व्याख्यानं आपल्या दूध ठेवायच्या पत्र्याखाली भरवली, शेळ्या बाजूला बांधून. लोक कमी झाले. जे मंडपात खसखस पिकवायचे ते आता रस्त्यानं जाताना मान वळवू लागले. काही वस्त्यांनी दूध घालणं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगत, तात्या चांगला माणूस, पण हट्टी लई. मला राग यायचा, मी पत्रक काढू म्हणायचे, नावं छापू म्हणायचे. तात्या म्हणायचे, "नाव छापलं की त्यो एकटा वाईट ठरतो अन् बाकी गाव चांगलं ठरतंय. तसं न्हाई ते."

मग त्यांनी ती चिठ्ठी लिहिली. व्याख्यानाच्या पत्रकाच्याच पाठीमागं, ठसठशीत अक्षरांत. गावाबाहेरून आलेल्या माणसाला आपल्या स्मशानात जागा देण्याचा ठराव ग्रामसभेत होत नाही, तोवर मी मेल्यावर मलाही तिथं नेऊ नये. कौसाबाईच्या आईला जिथं जाळलं त्या वाळूत न्यावं. खाली सही. तीन प्रती केल्या. एक घरात देवघरामागं, एक माझ्याकडं, आणि एक ग्रामपंचायतीत देऊन तिच्यावर पोहोच म्हणून शिक्का मारून घेतला. माझी प्रत देताना म्हणाले, "तुला देतो, कारण तू लई बोलतीस. त्या दिवशी बोल म्हंजी झालं." ही आमची शेवटची भेट. संक्रांतीनंतरची. मी हसले होते. म्हणाले होते, तात्या, तुम्ही शंभरी गाठणार.

...मी पोचले तेव्हा दारात माणूस मावत नव्हतं. ज्यांनी दूध बंद केलं होतं ते होते. ज्यांनी मान वळवली होती ते होते. चौकात फ्लेक्स लागला होता, वर तात्यांचा फोटो आणि खाली बारा पुढाऱ्यांचे. ज्या माणसानं आयुष्यभर पत्रकावर एक फोटो येऊ दिला नाही, त्याला तेरा फोटोंत बसवला होता. ट्रॅक्टर फुलांनी सजवलेला होता आणि स्मशानभूमीचं शेड धुऊन काढलं होतं. मी भाऊंना गाठलं आणि चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती वाचली नाही, घडीसुद्धा उलगडली नाही. माझ्या खांद्याकडं पाहत हळू आवाजात म्हणाले, "ताई, म्हाईत हाय मला. पर आज ती येळ न्हाई. तात्यावानी माणूस आमी वाळूत जाळू व्हय? पाहुणं-रावळं काय म्हंतील? गावाची अब्रू हाय." मी तात्यांच्या मुलाकडं, दत्ताकडं पाहिलं. दत्ता चाकणला कंपनीत आहे, पण घर इथंच, पोरं इथल्या शाळेत. तो म्हणाला, "मला हितं राहायचंय, ताई." त्याच्यावर मी रागावू शकत नाही. अनुसाकाकी बायांच्या गराड्यात होत्या, त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही. आणि मी... मी लई बोलणारी, ठळक अक्षरांत वाढलेली, मी चिठ्ठी पर्समध्ये परत ठेवली. मला वाटलं, आज तमाशा नको. हेच, अगदी हेच, चार वर्षांपूर्वी मंडपातल्या तीनशे माणसांना वाटलं होतं.

कौसाबाई आली होती. हंगाम सुरूच होता, ती फडातून तशीच आली होती, हाताला उसाची कुसळं. टोळीच्या बायांना कुणीतरी तारेच्या कुंपणाबाहेर थांबायला सांगितलं होतं. गर्दी फार आहे, असं कारण. मी तिच्याजवळ गेले. शेडमधून धूर निघत होता. तिनं मला विचारलं, "ताई, तात्याला हितं कामून आणलं?"

तिसऱ्या दिवशी जे झालं ते मात्र कुठल्या फ्लेक्सवर आलं नाही. राख सावडून झाली, माणसं चहाला गेली, आणि अनुसाकाकींनी पदराच्या गाठीत मूठभर राख बांधून घेतली. मला म्हणाल्या, चल. वाटेत माळावरून कौसाबाईला बरोबर घेतलं. आम्ही तिघी नदीच्या वाळूत उतरलो. काकींनी गाठ सोडली आणि राख वाळूवर ठेवली. म्हणाल्या, "सावड, बाई. तुझ्या आईची म्हणून सावड. त्यांना चालंल." कौसाबाई खाली बसली. तिनं ती राख दोन्ही हातांनी इतक्या हळूहळू गोळा केली, की जणू त्यात काही सापडणार होतं. मग पाण्यात सोडली. मी धर्म म्हणून जे काही पाहिलंय, त्यातलं मला पटलेलं एवढंच.

आणि मग दहावा. आपल्याकडचा दहावा तुम्हाला माहीत आहे. घाटावर मांडव, खुर्च्या, माईक, प्रवचन, आणि तालुक्यातले यच्चयावत पुढारी दोन-दोन मिनिटांच्या श्रद्धांजलीला रांगेत. सगळे बोलले. तात्या वंचितांचा आवाज होते. तात्या चालतंबोलतं विद्यापीठ होते. भाऊ सगळ्यात शेवटी उठले आणि त्यांनी गावाच्या वतीनं जाहीर केलं, की स्मशानभूमीच्या दाराशी मोठी कमान बांधायची आणि तिच्यावर गेनूतात्यांचं नाव घालायचं. टाळ्या वाजल्या. दहाव्याला टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या. त्या दारातून कौसाबाईच्या आईला आत घेतलं नव्हतं, आणि त्या दारावर आता तात्यांचं नाव येणार होतं. म्हणजे पुढच्या टोळीला जेव्हा 'मीटिंग घेतो' सांगतील, तेव्हा ते तात्यांच्या नावाखाली उभं राहून सांगतील.

तिकडं पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. माझा कावळ्यावर विश्वास नाही, हे आधीच सांगते. तात्यांचा होता की नाही, विचारायचं राहून गेलं. पण त्या घाटावर सगळ्यांचा होता. समोरच्या उंबरावर सात-आठ कावळे होते, खाली येत नव्हते. मग रिवाजाप्रमाणं माणसं पुढं होऊन मेलेल्याला शब्द द्यायला लागली. तात्या, व्याख्यानं बंद पडू देणार नाही. तात्या, दत्ताच्या पाठीशी उभे राहू. तात्या, पुढच्या वर्षीपासून मंडप तुमचाच. एक म्हणाला, तात्या, शेळ्यांना गोठा बांधून देऊ. ऊन चढलं. सगळं बोलून झालं, फक्त एक वाक्य सोडून. त्या घाटावरच्या एकूण एक माणसाला ते वाक्य ठाऊक होतं. सगळे ते ओलांडून जाताना दिसत होते, रस्त्यात पडलेलं काही ओलांडावं तसे.

तेव्हा अनुसाकाकी उठल्या. हातात तो तेलाचा डबा होता. माईक त्यांनी घेतला नाही, गरजही पडली नाही. "भाऊ, तुमी समदं बोलला. येक राहिलं."

भाऊ म्हणाले, "काकी, तेबी बघू."

"बघू नगा. म्हणा."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. त्यांना आणखी दोन दहावे होते. ते गुरुजींकडं वळून म्हणाले, उशीर होतोय. गुरुजींनी मान डोलावली, दर्भाच्या चार काड्या घेतल्या, त्यांचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. झालं. लोक चपला शोधायला लागले. एका अख्ख्या गावाला एक वाक्य म्हणण्यापेक्षा गवताचा कावळा करणं सोपं गेलं. मला त्या गावाचा राग याचाच आहे. ते दुष्ट असते तर मी एवढी पेटले नसते. ते तात्यांसाठी रडले, खरंखुरं रडले, त्यांनी शेड धुतलं, फुलं आणली, आता सिमेंटही आणतील. तात्यांना जे हवं होतं, तेवढं सोडून बाकी सगळं द्यायला ते तयार आहेत.

मागच्या आठवड्यात मी ग्रामपंचायतीत जाऊन आले. कमानीला नाव देण्याचा विषय येत्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर आला आहे. तात्यांचा अर्ज, म्हणजे तीच चिठ्ठी, शिक्का मारून फायलीत आहे. तो पत्रिकेवर नाही. क्लार्क म्हणाले, "त्यो पेंडिंग हाय." अनुसाकाकींनी दुसरा अर्ज दिला. ज्या दारातून माणसं परत पाठवली जातात त्या दारावर माझ्या मालकाचं नाव नको, आधी ठराव, मग कमान. दत्तानं तो अर्ज लिहून दिला आणि खाली स्वतःची सहीही केली. सही करताना त्याचा हात थांबला, मी पाहिलं. पण त्यानं केली. ग्रामसभेला काकी डबा घेऊन जाणार आहेत. मीही जाणार आहे, आणि या वेळी चिठ्ठी पर्समध्ये राहणार नाही.

त्या दिवशी मी काकींकडंच राहिले. दूध ठेवायच्या पत्र्याखाली आता कॅन पालथे घातलेत. खिळ्याला ती तार तशीच लटकते आहे, तिच्यावर वीस-बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या, पिवळ्या, काही उंदरांनी कुरतडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. वारा आला की पानांसारख्या वाजतात. तारेचं टोक मोकळं आहे. डबा मी उघडून पाहिला. आत एकच चिठ्ठी होती, कौसाबाईच्या प्रश्नाची. तिच्यावर तात्यांच्या बोटाचा हळदीचा डाग होता. किती वेळा बाहेर काढली असेल त्यांनी ती, आणि किती वेळा परत टाकली असेल...

माझ्या हातात एका गावाची ग्रामसभा आहे. बाकीच्या तुमच्या हातात आहेत. म्हणून मागते, आणि हे सांत्वनाला आल्यासारखं मान हलवून विसरू नका. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत उठून उभे राहा आणि विचारा, बाहेरून आलेलं माणूस इथं मेलं तर त्याला आपल्या स्मशानात जागा आहे का. 'बघू' म्हणाले तर बसू नका. ठराव लिहून होईपर्यंत उभे राहा, आणि शिक्क्याची प्रत घ्या. मग पुढच्या हंगामात तुमच्या माळावर टोळी उतरेल, तेव्हा ती प्रत घेऊन कोपीपर्यंत चालत जा आणि त्यांना वाचून दाखवा. नव्या आलेल्या माणसांना मरणाचं सांगायचं, हे अभद्र वाटेल. तरी सांगा. त्यांच्यातल्या कुणाला तरी हे आधीच विचारून ठेवायचं असतं, आणि विचारायची हिंमत होत नसते.

त्यांना विचारा, उत्तर मिळालं का. ते हो म्हणाले, तर चिठ्ठी टोचा. तार तुमच्याकडंही असेलच.